सायलेन्सर मथुराबाईच्या पसंतीचा

राजपाल कांबळेच्या गाडीचा सायलेन्सर फुटला, ही बातमी माकणीत कुणी कुणाला सांगितली नाही. सगळ्या गावानं ती आपापल्या कानांनी ऐकली.

गाडी म्हणजे एके काळी शाळेची पोरं वाहणारी मिनीबस. राजपाल एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला तेव्हा लोक म्हणाले, आता तरी याच्या हातातलं स्टिअरिंग सुटेल. सुटतंय कसलं! त्यानं ही जुनी बस घेतली, आतली बाकडी उपटली, सुताराकडून दिवाण ठोकून घेतला, शेगडीसाठी ओटा, पाण्याची टाकी, कपड्यांना फडताळ असा सगळा संसार आत बसवला आणि बायकोला म्हणाला, "मथुरे, तुझं घर आता चाकावर. बोधगया, सारनाथ, म्हणशील तिथं नेतो."

मथुराबाईला बोधगयेचं मोठं आकर्षण. अंगणवाडीतली पोरं सांभाळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, तेव्हा तो बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी बघावा, सावलीत निवांत बसावं, एवढीच तिची इच्छा. म्हणून तर तिनं ओट्यावरच्या डब्यांनासुद्धा हौसेनं रंगीत झाकणं आणली.

मग ती दोघं गाडीची परीक्षा म्हणून नळदुर्गपर्यंत जाऊन आली, आणि तिथंच सगळं फिसकटलं. सायलेन्सरनं वाटेतच जीव सोडला होता. गुडघे दुखतात म्हणून मथुराबाई मागं दिवाणावर पाय लांब करून बसली होती, आणि गाडीचा सगळा गडगडाट नेमका तिच्या बुडाखाली चालला होता.

"अवो, थांबा जरा, पिठल्याचं पातेलं सांडलं."

"हो," राजपाल पुढून म्हणाला. गाडी चालूच.

"टाकीचं झाकण उडालंय, पाणी अंगावर यायलंय."

"हो, हो."

शेवटी ती वैतागून म्हणाली, "म्या इथंच उतरते, तुमी जावा पुढं."

"हो," म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.

चाळीस लेकरांना एका हाकेत गप्प करणारी बाई होती ती. ओरडली असती तर नळदुर्गचा किल्ला हलला असता. पण नवऱ्याशी ओरडून बोलायचं नाही, हा तिचा जुना बाणा. घरी आल्यावर तिनं ओले कपडे वाळत घातले आणि जाहीर केलं, "म्या बोधगयेला येणार न्हाय."

राजपालनं चहाची बशी खाली ठेवली. "का गं?"

"माझ्या जागी एक ज्वारीचं पोतं घ्या. त्येबी बोलत न्हाय."

"अगं, सायलेन्सर फुटलाय म्हणून ऐकू येईना. नवा टाकू की."

"मग नवा म्या निवडणार. म्या मागनं साध्या आवाजात बोलणार. तुमाला पुढं ऐकू आलं तरच येते. न्हाय तर क्षमाकडं पुण्याला जाते, नातवाला खेळवीत बसते."

क्षमा त्यांची एकुलती एक लेक. तिच्याकडं जाते म्हणाली की मथुराबाई खरंच जाते, हे राजपालला अनुभवानं ठाऊक होतं. एकट्यानं बोधगयेला जाऊन काय करायचं? आणि त्या दिवाणावर एकट्यानं झोपायचं म्हणजे तर दवाखान्यात भरती झाल्यासारखंच!

दुसऱ्या दिवशी दोघं उमरग्याला गेली. हायवेला बसवराजचं सायलेन्सरचं दुकान. पत्र्याच्या शेडखाली मांडवावर दोडके लोंबावेत तसे लहानमोठे सायलेन्सर टांगलेले. बसवराज गाडीखाली सरकला, पान्यानं दोनदा ठोकून बघितलं आणि गंजाचा भुगा झटकत बाहेर आला.

"मामा, पत्र्याचा पापड झालाय. ह्याला वेल्डिंग धरायचं न्हाय. आन ह्या मॉडेलचा असली माल आता बनतच न्हाय. दुसरा जमवावा लागतंय."

"मग एक दणदणीत काढ," राजपाल म्हणाला. "ड्रायव्हरला इंजिनाचं दुखणं कानानंच कळतं. आवाजच न्हाय तर काय कळणार?"

"दणदणीत कशाला?" मथुराबाई म्हणाली. "वरात काढायचीय का?"

बसवराज दोघांकडं बघून हसला. उमरग्याकडं राहून मराठी-कन्नड दोन्ही घरच्या झालेल्या या माणसाला नवरा-बायकोच्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची नसते, हे दोन्ही भाषांत कळत होतं. तो म्हणाला, "अक्का, तीन बसण्यासारखे हायत. आज नुसत्या पट्ट्यांनी आवळून लावतो, तुमी फिरवून बघा. पसंत पडला त्योच पक्का करू. फक्त एक माझं ऐका. ही गाडी न्हाय, घर हाय. तुमी झोपता त्या खिडकीखाली धुराचं तोंड ठेवायचं न्हाय. त्या धुरानं माणूस झोपेतच जातंय. कुठलाबी घ्या, पाईप म्या वाकवून पार मागं, दुसऱ्या बाजूला काढणार."

हे दोघांनाही एकदम पटलं. त्या दिवशी एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

पहिला सायलेन्सर राजपालच्या आवडीचा. बारका, सरळसोट, आत काही अडथळा नसलेला. बसवराज गळती ऐकायला पुढं राजपालशेजारी बसला, मथुराबाई मागं दिवाणावर. गाडी हायवेला लागली, राजपाल खुशीत शीळ घालायला लागला.

"अवो," मथुराबाई साध्या आवाजात म्हणाली, "तुमच्या रिटायरमेंटचा फेटा म्या बोहारणीला देऊन टाकला."

"हो."

"तुमची बहीण लई भांडकुदळ हाय."

"हो, हो."

बसवराजनं तोंडावर रुमाल धरला. गाडी परत आली तेव्हा मथुराबाई एवढंच म्हणाली, "काढा त्यो."

दुसरा मोडीत निघालेल्या एका बसचा. लोखंड जाड, चांगलं. हळू चालवताना गुपचूप होता, पण गाडीनं वेग धरला की रिकाम्या पिंपात कुणी तोंड घालून घुमावं तसा घुमायला लागला. मथुराबाईनं विचारलं, "क्षमाकडं एकटीच जाऊ का?" यावर राजपाल "काय?" म्हणाला. तिला वाटलं, जमतंय बहुतेक. लगेच पुढून आवाज आला, "हो."

तिसरा होता लांब आणि जाडजूड, आत कप्पेच कप्पे. राजपालनं त्याच्याकडं बघूनच नाक मुरडलं.

"हा गाडीचा गळा दाबतोय, बसवराज."

"चढाला दम थोडा कमी पडंल, मामा. एक गिअर खाली घ्यायचा. आन जमिनीला घासू नये म्हणून वर उचलून बांधतो."

"नको. पहिलाच बसव."

"बसवा की," मथुराबाईनं पिशवी उचलली. "स्टँड जवळच हाय. म्या पुण्याची गाडी बघते."

ती खरंच चालायला लागली. मनातून तिला रडू येत होतं. बोधिवृक्षाची सावली कोण सोडून देतं? पण अख्खा हिंदुस्थान मुकाट्यानं बघण्यापेक्षा घर बरं, असं तिला मनापासून वाटत होतं. ती शेडच्या बाहेर गेली तसा राजपाल मागून म्हणाला, "बरं, लाव बाबा तिसरा. बघू."

गाडी निघाली. अगोदर मथुराबाईला वाटलं, इंजिन बंदच पडलं. खिडकीच्या काचेची किणकिण ऐकू येत होती. फडताळातले हँगर एकमेकांवर टेकत होते तेही कळत होतं. नवऱ्याला काय विचारायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं, पण एवढ्यात एका फाट्यावरचं लिंबाचं झाड खिडकीतून मागं गेलं आणि ती परीक्षा विसरूनच गेली. झाडाकडं मान वळवून ती आपल्याशीच पुटपुटली, "हितंच सांगायचं होतं मला क्षमाच्या टायमाला. ऱ्हाऊनच गेलं."

गाडीचा वेग कमी झाला. राजपालनं ती कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि तो सीटवरून उठून मागं आला.

"काय सांगायचं होतं?"

मथुराबाई दचकली. "ऐकलं तुमी?"

"ऐकलं. काय ऱ्हाऊन गेलं?"

मग तिला सांगावंच लागलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ती त्याच्याच एसटीतून माहेरी निघाली होती, अगदी पहिल्या बाकावर. दिवस गेल्याचं तिला आदल्या दिवशी कळलं होतं, आणि घरात सासूपुढं बोलता येत नाही म्हणून गाडीत सांगायचं ठरवलं होतं. पण त्याच्या डोक्यामागं पाटी होती, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. नवी नवरी ती, सरकारी पाटी कशी मोडणार? तिनं पाटी वाचत वाचत निम्मी वाट काढली. या झाडाशी तिला मळमळलं, गाडी थांबवावी लागली, शेजारच्या म्हातारीनं ओळखलं, म्हातारीनं कंडक्टरला सांगितलं आणि कंडक्टरनं ड्रायव्हरला.

"कांबळे, पेढे काढा, असं वरडला होता त्यो," मथुराबाई म्हणाली. "सगळ्या गाडीला कळलं. तुमाला सांगायचं माझ्या वाट्यालाच आलं न्हाय."

राजपाल दिवाणाच्या कडेला बसला. "आन म्या काय म्हणलो तवा?"

"हो म्हणलाव."

"व्हय. हो म्हणलो. मागनं डबल बेल पडली आन गाडी काढली." त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि ते लपवावं असं त्याला वाटत नव्हतं. मग तो तिच्याकडं वळला. "मथुरे, आता सांग."

"आता काय सांगू? लेकीला लेकरू झालंय."

"तरी सांग. गाडी उभी हाय."

पुढच्या सीटवर बसवराजनं घाईघाईनं समोरच्या ट्रकचा नंबर वाचायला घेतला. मथुराबाईनं पदर सारखा केला, एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि हळूच म्हणाली, "अवो, आपल्या घरात लेकरू येणार हाय."

"खरंच?" राजपाल म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मथुराबाई आजी असून लाजली.

परतताना गुडघ्यांची पर्वा न करता ती पुढच्या सीटवर बसली आणि बसवराजची रवानगी मागं दिवाणावर झाली. तिनं बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी माहेरी काय काय खाल्लं, आईनं कसं ओळखलं, बाळंतपणात कोण कसं वागलं. राजपाल मधूनमधून विचारत होता, "मग? मग पुढं?"

"मामा, दुकान आलं," बसवराज मागून म्हणाला. "मामा, वळवा. मामा, दुकान मागं गेलं की!"

"हो, हो," राजपाल म्हणाला आणि गाडी तशीच पुढं निघाली.