बिनगाण्याची पार्टी

मुखरूनं क्लॅरिनेट ओठांतून काढलं, रीडवरून अंगठा फिरवला आणि ते पुन्हा तोंडाशी नेलं. वरचा षड्ज येणार म्हणून सुरेंद्र व्हायोलिनचा गज तारेवर टेकवून थांबला होता. सूर निघाला, क्षणभर उभा राहिला आणि बारीक शीळ होऊन फाटला.

“रीड कोरडी हाय,” मुखरू म्हणाला.

भागीरथाबाईंनी जलतरंगाच्या एका वाटीतलं चमचाभर पाणी काढलं आणि पुन्हा तेवढंच घातलं. भैयाजींनी तबल्याचा गट्टा हातोडीनं ठोकला. तबला केव्हाचाच लागलेला होता.

ऊर्जानगरातल्या सुरेंद्रच्या क्वार्टरमध्ये रविवारच्या दुपारी हे चौघं बसत. पुढच्या खोलीतला सोफा भिंतीकडे सरकवायचा, सतरंजी अंथरायची, पंखा बंद करायचा. पंख्याच्या वाऱ्यानं वाट्यांतलं पाणी थरथरतं, असं भागीरथाबाईंचं म्हणणं होतं. बाहेर कंपनीची बस वळण घेऊन जाई, शिफ्ट सुटल्यावर सायकलींच्या घंट्या वाजत. दहा-अकरा वर्षं हे असंच चाललेलं होतं.

मुखरूनं पुन्हा प्रयत्न केला नाही. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून ते फडक्यात गुंडाळताना त्याची जीभ आतून वरच्या दातांना चाचपत होती. क्लॅरिनेटची चोच टेकते ती त्याच दातांवर. ते हलायला लागले की सूरही हलायला लागतो. हे तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही आपापली वाद्यं पुसत बसले.

सुरेंद्रनं मुखरूला पहिल्यांदा ऐकलं ते एका लग्नात. सुरेंद्र वीज केंद्रात टर्बाइनवर होता आणि लग्न त्याच्या सोबत्याच्या बहिणीचं होतं. बँडवाले वरात पोचवून जेवायला बसले होते. हा एकटा मांडवामागं स्वयंपाकाच्या एका पालथ्या गंजावर बसून स्वतःशीच सावकाश काहीतरी वाजवत होता. सुरेंद्र पत्रावळ हातात घेऊन तिथंच उभा राहिला. ढिवराचा माणूस, तलावाकाठचं गाव, मासोळी धरायची आणि लग्नसराईत बँडमध्ये फुंकायचं, एवढी ओळख झाली. पुढच्या रविवारी तो क्वार्टरवर आला तेव्हा सायकलच्या हँडलला मरळ लटकत होती. भागीरथाबाई टाउनशिपच्या शाळेत शिकवत; जलतरंग त्यांच्या वडिलांचं. भैयाजींची वडशाला धानाची मिल होती. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी तबला वाजवलेला, त्यामुळे हाताची खाज गेली नव्हती. ते रेल्वेनं येत आणि येताना पोहे घेऊन येत.

धानाची कापणी झाली की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा, तो शिवरात्रीपर्यंत. चिमूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली. कुठं शाळेचं पटांगण, कुठं वाचनालयाचा हॉल. चिमूरच्या पहिल्या कार्यक्रमात लोक बराच वेळ मुकाट ऐकत बसले. मग पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

“बाबू, गानारा कवा येते?”

“गाणारा नाही, भाऊ. आम्हीच आहो,” सुरेंद्र म्हणाला.

म्हाताऱ्यानं चौघांकडे एकेक करून पाहिलं. “मंग वाजवा,” तो म्हणाला, आणि शेवटपर्यंत बसून राहिला.

तेव्हापासून त्यांचं नाव पडलं, बिनगाण्याची पार्टी. सुरेंद्रनं बोर्डावर ‘संगत वाद्यवृंद’ असं रंगवून घेतलं होतं. पुढं पुढं तो बोर्ड सोबत न्यायचंही ते विसरू लागले. एकदा मूलच्या रस्त्यावर जीप बंद पडली तर चौघांनी सागाच्या झाडाखाली सतरंजी टाकून तालीम केली होती. लाकडाच्या मोळ्या घेऊन जाणाऱ्या बाया थांबल्या, मोळ्या उतरवून बसल्या आणि ऐकून झाल्यावर मोळ्या डोक्यावर घेऊन निघून गेल्या. तसा कार्यक्रम पुन्हा झाला नाही, असं भैयाजी अजून म्हणत.

पुढच्या रविवारी मुखरू आला, पण वाजवलं नाही. त्यानंतरच्या रविवारी तो आलाच नाही.

वडशाचा कार्यक्रम ठरलेला होता. एका नाटक कंपनीच्या मालकानं आपला मंडप दुपारपुरता द्यायचं कबूल केलं होतं. नाटक रात्री, दुपारी मंडप रिकामाच. भैयाजींनी ट्रंक कॉलच्या जमान्यातल्यासारखं ओरडून फोनवर सांगितलं, “माझ्या पुतन्याकडं कॅसिओ हाय. प्रफुल. बटन दाबलं का क्लारनेट, बटन दाबलं का सनई. त्याले घेऊन पाहू ना एक डाव.”

“मुखरूभाऊशी बोलतो आधी,” सुरेंद्र म्हणाला.

तो आणि भागीरथाबाई स्कूटरनं निघाले. काय बोलायचं ते सुरेंद्र रस्ताभर मनात जुळवत होता. तब्येतीपासून सुरुवात करायची, मग वडशाची तारीख, मग अगदी सहज म्हटल्यासारखं प्रफुलचं नाव. तलावाची पाळ दिसली तेव्हा त्यातलं एकही वाक्य त्याला धड आठवेना.

मुखरू पाळीवर जाळं वाळत घालत होता. त्यांना पाहताच त्यानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला.

“या, बाई. काऊन येवढ्या उन्हाचे आले?”

“तुम्ही आला नाहीत म्हणून आलो,” भागीरथाबाई म्हणाल्या.

घरासमोरच्या बाजेवर त्यांना बसवून तो स्वतः उंबऱ्याशी उकिडवा बसला. दुपट्टा तसाच. त्याची बायको रुखमाबाई चहा घेऊन आली. नवरा काही सांगत नाही असं पाहून ती बोलू लागली.

“दोन्ही दात गेले जी समोरचे. चंद्रपूरले नेलो. कवळी करून देल्ली डॉक्टरनं. जेवाले बरी हाय. पन हे दार लावून बसतेत आन फुंकतेत. कवळी बाहीर येते. सूर नाई निंघत, नुसती हवा निंघते.”

“तू जाय ना आत,” मुखरू म्हणाला.

ती गेली नाही. कुडाला टेकून उभी राहिली.

सुरेंद्रनं चहाचा घोट घेतला. चहा फार गोड होता. “वडशाचा कार्यक्रम आहे,” तो म्हणाला आणि थांबला.

“मालूम हाय. भैयाजीचा निरोप आलता.” मुखरू तलावाकडे पाहत होता. “तुमी दुसरा पाहून घ्या, साहेब. मी नाराज नाई. बँडवाल्यायले बी सांगून देल्लो.”

भागीरथाबाईंनी कपबशी खाली ठेवली. पाण्यावर बदकांचा थवा उतरला, पांगला आणि स्थिर झाला.

“एक सांगा, बाई,” मुखरू म्हणाला. “आपन वाजवतो तं समोर बसल्यावर कसं आयकू येते?”

“मला काय माहीत? मीसुद्धा स्टेजवरच असते ना.”

“हं.” त्यानं मान हलवली. “येवढे सालं झाले, मी आपलं कवा आयकलोच नाई. वाजवतानी आपल्याले आपलाच सूर मोठा लागते. औंदा समोर बसून पाहतो.”

“येशील?” सुरेंद्रनं विचारलं. तो मुखरूला कधी ‘तू’ म्हणत नसे. त्या क्षणी तोंडून गेलं.

“येईन ना. इलेही आनतो. ते तं कवाच आली नाई.”

कुडाशी उभ्या रुखमाबाईनं पदर डोक्यावर ओढला.

स्कूटर परत निघाली. वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्यावर भागीरथाबाई मागून म्हणाल्या, “कॅसिओ नको.”

“भैयाजींना कोण सांगणार?”

“मी सांगते.”

त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. भैयाजींनी पुन्हा प्रफुलचं नाव काढलं नाही.

वडशाला त्या दुपारी मंडपात बऱ्यापैकी माणसं जमली. धान घेऊन आलेले शेतकरी, मिलमधले हमाल, नाटक कंपनीतल्या दोन-तीन नट्या, रात्रीच्या तिकिटाची चौकशी करायला आलेले आणि मग बसून राहिलेले लोक. कापडाच्या छतातून ऊन पिवळं होऊन खाली येत होतं. मागं राजवाड्याचा रंगवलेला पडदा तसाच होता. त्याच्यापुढं तिघं बसले. चौथी जागा कोणी सरकून भरली नव्हती.

मुखरू दुसऱ्या रांगेत होता. धुतलेला सदरा, तोंडावर दुपट्टा. शेजारी रुखमाबाई, मांडीवर दोन्ही हात ठेवून.

पहिल्या दोन धुना चांगल्या झाल्या. क्लॅरिनेटच्या जागा सुरेंद्रनं व्हायोलिनवर घेतल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी धून मुखरूची होती. त्यानं ती कधी नाव देऊन आणली नव्हती; हिवाळ्यात बदकं तलावावर उतरतात ते पाहून बसवलं, एवढंच तो म्हणाला होता. तिला आधी क्लॅरिनेट एकटंच. बराच वेळ एकटं. मग त्याच्याखाली जलतरंगाचे थेंब, मग व्हायोलिन, आणि सगळ्यात शेवटी तबला. यंदा ती वगळायची असं तिघांचं ठरलं होतं.

सुरेंद्र पुढच्या चीजेसाठी तार जुळवू लागला. भागीरथाबाईंनी काड्या पदराला पुसल्या, एकवार दुसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि त्या मुखरूच्या धुनेच्या वाट्या जवळ ओढू लागल्या. मग काड्या मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या.

सुरेंद्रला कळलं; आधी क्लॅरिनेटची जागा होती. त्यानं गज खाली घेतला. भैयाजींनी तबल्यावरचे हात उचलून गुडघ्यांवर ठेवले.

मंडप शांत झाला. कोणीतरी शेंगा फोडत होतं, ते थांबलं. स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांना लागल्याचा आवाज आला. तिघंही खाली पाहत होते. लोक आधी कौतुकानं थांबले, मग एकमेकांकडे बघू लागले. मागून एकजण उठून ओरडला.

“अरे, माइक बंद पडला ना बे!”

हसणं उसळलं. माइकवाला धावत आला, त्यानं माइकवर टिचक्या मारल्या. “हॅलो, हॅलो.” आवाज चांगला खणखणीत आला. तो गोंधळून भागीरथाबाईंकडे पाहू लागला. त्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या रांगेत मुखरू उभा राहिला. मागं वळला. दुपट्टा तोंडावरून खाली घसरला होता, तो त्यानं वर ओढला नाही.

“माइक चालू हाय, भाऊ,” तो म्हणाला. “बसा.”

दातांच्या फटीतून हवा गेल्यामुळे ते ‘बसा’ नीट उमटलंही नाही. पण माणूस बसला. माइकवाला चवड्यांवर चालत विंगेत गेला. मुखरू पुन्हा खाली बसला.

सुरेंद्रला त्याच्याकडे बघवेना. त्यानं रुखमाबाईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा किंचित वर उचललेला, दाराआडचं काही ऐकत असल्यासारखा.

मग भागीरथाबाईंच्या काडीनं पहिला थेंब टाकला. सुरेंद्रचा गज आधीच तारेवर होता; तो केव्हा उचलला हे त्याला आठवत नव्हतं. भैयाजी समेवर आले तेव्हा त्यांच्याकडे कोणालाही मान वळवून पाहावं लागलं नाही.

कार्यक्रम झाल्यावर कंपनीच्या माणसानं राजवाड्याच्या पडद्यामागं चहा आणून ठेवला. तिथं रात्रीच्या नाटकातला मुकुट खुंटीला लटकत होता आणि एक नटी खाली बसून भाकर खात होती. भागीरथाबाई वाट्यांतलं पाणी एकेक करून बादलीत ओतत होत्या. मुखरू आणि रुखमाबाई पडदा बाजूला सारून आत आले. भैयाजींनी आपला कप मुखरूपुढं सरकवला.

“कसं आयकू आलं मंग?”

मुखरूनं कप दोन्ही हातांत धरला. “मी येवढा वेळ वाजवत होतो काय?”

“याच्याहून जास्त,” भैयाजी म्हणाले. “आज आमी घाई केली.”

मुखरूनं घोट घेतला. थोडा विचार केला.

“मंग गडचिरोलीले जरा सावकाश घेजा,” तो म्हणाला.