दोन दात गेलेला गिअर

हिलालने रेकॉर्ड प्लेअर काउंटरवर आदळलाच. चार वर्षांत त्याने धुळ्यातल्या निंबाच्या या दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, आणि निंबानेही बोलावलं नव्हतं. बहीण प्रमिला गेली, त्या दिवशी स्मशानातच निंबाचं मेव्हण्याशी बोलणं संपलं होतं. पूर्वी तो त्याला दाजी म्हणायचा. आता थेट अरे-तुरे.

"ऋतिकाला आईची आठवण म्हणून चालू हवाय," हिलाल लेकीचं नाव पुढे करून म्हणाला. "जळगावपर्यंत फिरलो. कोणी उघडतच नाही."

"नाहीतर तू कशाला येतोस!" निंबाने त्याला बस म्हटलं नाही.

प्रमिलाच्या लग्नात हा प्लेअर निंबानेच दिला होता. बटण दाबलं की सुईची दांडी आपोआप वर उठून रेकॉर्डवर जायची, गाणी संपली की आपली जागेवर परत. आता ती अर्ध्यात अडकून थरथरत होती. निंबाने वरची थाळी काढली. आतलं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं. प्लॅस्टिकच्या मोठ्या गिअरला मधोमध चीर, आणि सलग दोन दात गायब.

दात बघून त्याचं डोकं फिरलं. चीर वयाने पडते. दात असे मुळासकट जायला चालत्या मशीनची दांडी कोणाला तरी हाताने ओढावी लागते.

"माणसंही तू अशीच वापरलीस," तो म्हणाला. "ओढून तोडलंस ना?"

"मी नाही. तुझ्या बहिणीने."

"मेलेल्या माणसावर ढकलतोस?"

"तू नको सांगू माले!" हिलाल ताडकन अहिराणीवर आला. "माहेरच्या वाटणीच्या हक्कसोडीचे कागद घेऊन शिरपूरला आमच्याकडे आलास, तो दिवस आठव. प्लेअर नुकता लावला होता. दारात तुझा आवाज आला, तशी हरखून उठली. भाऊ आला म्हणून घाईत दांडी ओढून बंद केला. तिला वाटलं, भेटायला आलास."

"सही तिने राजीखुशीने केली."

"हे ऋतिकासमोर बोलून दाखव."

निंबा स्पिरिटचा बोळा घेऊन ग्रीस पुसायला लागला. "सोमवारी ये," एवढंच म्हणाला.

शाबूत दातांचा त्याने मेणात ठसा घेतला. तुटल्या जागी पितळी तारेचे दोन तुकडे रोवले, त्यांवर एपॉक्सी ओतली, वाळल्यावर कानशीने दात घासून काढले. चिरेवर पितळी कडं चढवलं. पहिल्यांदा दात जाड झाले, दुसऱ्यांदा बसले. त्या तीन दिवसांत बायकोने दोनदा विचारलं काय झालं, दोन्ही वेळा तो तिच्यावर खेकसला.

सोमवारी दांडी अलगद रेकॉर्डवर उतरली. गाणं सुरू झालं. हिलालने वायर गुंडाळायला हात पुढे केला.

"पूर्ण बाजू होऊ दे," निंबा म्हणाला. "शेवटी परत जाते का, बघायचंय."

हिलालने बंदचं बटण दाबलं. दांडी वर उठली, मागे गेली, जागेवर बसली.

"गेली," तो म्हणाला आणि प्लेअर काखेत मारून पायरी उतरला.

निंबाने भर दुपारी शटर ओढलं.