मागचा पिवळा दिवा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मी एक जुना गोल आरसा, मोटारसायकलच्या उजव्या हँडलवर बसणारा. तुम्ही रस्त्याने पुढे बघत जाता, तुमचं बरं आहे. मला जन्मभर मागे तोंड करूनच जावं लागलं. पुढे खड्डा आहे की वळण, हे मला धक्का बसल्यावरच कळायचं. असा प्रवास ज्याच्या वाट्याला येईल तो भित्रा नाही होणार तर काय होणार?

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. काच तापवून किंचित फुगवली, गोल कापली, पाठीवर चंदेरी थर चढवला आणि काळ्या रबरी कडीत बसवली. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई असत. त्या प्रत्येक आरशावर पेन्सिलीने टकटक करायच्या. माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं, आता तडा जाणार. पण नाही गेला. बाईंनी माझ्यात बघून कपाळावरची बट मागे सारली आणि म्हणाल्या, "चांगला आहे हो हा!" मग मी खोक्यात गेलो.

माझी काच फुगीर, त्यामुळे माझ्यात मागचा रस्ता पुष्कळ दिसतो, पण लहान आणि लांब दिसतो. दूर वाटणारा ट्रक खरं तर अगदी पाठीशी आलेला असतो. हे माझं मलाच माहीत, त्यामुळे जिवाला घोर आणखी.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. दिवसभर तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवून लोकांना विचारायचा, "आता कसं दिसतंय? आणि आता?" संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत काचा घासायचा. रविवार उजाडला की मात्र स्वारी मोटारसायकल घेऊन बाहेर. त्याची धाकटी बहीण औषधांच्या दुकानात कामाला होती. तो तिला बारकी म्हणायचा. भावाचं बघून बारकीनेही गाडी शिकून घेतली. त्यांची आई बरेच दिवस नाही म्हणत होती. शेवटी तयार झाली ती एकाच अटीवर: बारकी कायम दादाच्या नजरेसमोर राहील. आता बहीण मागून येणार, म्हणजे तिला नजरेसमोर ठेवायची जबाबदारी कोणावर आली? माझ्यावर! आई अट घालून मोकळी झाली आणि इकडे माझी झोप उडाली.

महिन्यातून एका रविवारी गावाबाहेर एका बंद पेट्रोलपंपाच्या छपराखाली मंडळी जमायची. दहा-बारा गाड्या असायच्या. कोणाची साखळी कुरकुरते, कोण मागच्या वेळी वाट चुकून भलत्याच धरणावर पोचला, यावर अर्धा तास हसणं-खिदळणं चालायचं. पुढे असायचे ड्रायव्हरकाका. त्यांनी हयात बस चालवण्यात घालवली होती, त्यामुळे मोटारसायकलचं वळणही ते बसएवढं मोठं घ्यायचे. सगळ्यांच्या मागे असायच्या सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्स, गाडीला औषधांची पेटी बांधलेल्या. शेवटच्या गाडीला ही मंडळी शेपूट म्हणत, आणि शेपूट होणं मोठ्या मानाचं समजत.

त्यांची एक पद्धत होती. निघण्याआधी आपण ज्याच्या मागे राहणार त्याचे आरसे आपण पुसायचे. का? तर त्याच आरशात आपण दिसणार असतो! आणि दुसरा नियम असा, की पुढच्याची काळजी करायची नाही, फक्त मागच्याकडे बघायचं. मागचा दिवा दिसेना झाला तर वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर थांबायचं. आपण थांबलो की आपला दिवा पुढच्याला दिसेना होतो, मग तोही थांबतो. फोन नको, आरडाओरडा नको, सगळी रांग आपोआप उभी राहते. फार छान पद्धत होती, मित्रांनो. फक्त तिचा सगळा भार आमच्यासारख्या वीतभर आरशांवर होता, याचा विचार कोणी केला नाही.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग तो रविवार आला.

सकाळपासून धुकं होतं. घाटाच्या पायथ्याशी सिस्टरच्या गाडीची क्लचची तार तुटली. गाडी तिथेच एका ढाब्यावर ठेवली आणि औषधांची पेटी मांडीवर घेऊन सिस्टर ड्रायव्हरकाकांच्या मागे बसल्या. आता शेपूट कोण होणार?

"मी होते," बारकी म्हणाली.

"काही नको," चष्मेवाला म्हणाला. "एवढं धुकं, त्यात तू शेवटी."

"मी तशीही तुझ्याच मागे असते ना रे दादा? तू आरशात बघ म्हणजे झालं."

ड्रायव्हरकाका म्हणाले, "अरे, येऊ दे तिला. कधीतरी व्हायचंच आहे शेपूट."

चष्मेवाल्याने खिशातून पिवळा पारदर्शक कागद काढला, बारकीच्या दिव्यावर नीट चिकटवला आणि चहूबाजूंनी बोटाने दाबला. "धुक्यात पिवळा बरा दिसतो," तो म्हणाला. "आणि तू मला लगेच ओळखू येशील. पिवळा दिवा म्हणजे बारकी."

बारकीने ओढणीच्या टोकाने मला पुसलं, फुंकर मारून पुन्हा पुसलं, आणि आम्ही निघालो.

घाटात शिरलो तशी माझी पाचावर धारण बसली. मागे काहीच नव्हतं हो! रस्ता नाही, झाडं नाहीत, कठडा नाही. नुसतं पांढरं, आणि त्यात एक पिवळा ठिपका. वळण आलं की तो ठिपका बाजूला कलायचा, खड्डा आला की उडी मारायचा. मोटारसायकल अशीच चालते, अंग कलवल्याशिवाय ती वळत नाही. तो ठिपका कलला की मला हायसं वाटायचं. चष्मेवाला दर मिनिटाला माझ्याकडे बघायचा आणि हेल्मेटच्या आत पुटपुटायचा, "आहे."

एका वळणापाशी ठिपका गेला.

 चष्मेवाल्याची बोटं ब्रेकवर सरकली. तेवढ्यात धुक्यातून पुन्हा पिवळा उजेड आला. त्याने बोटं काढून घेतली. "आहे," तो म्हणाला.

नव्हती, मित्रांनो! ती नव्हती. मला पुढच्याच वळणावर कळलं. चष्मेवाला उजवीकडे कलला, आणि मागचा दिवा सरळच्या सरळ वळला. कलला नाही. खड्डा आला, तर उडी न मारता जडपणे डुलला. हा दिवा भलत्याच कोणाचा होता. मी थरथरलो, खूप थरथरलो, पण मोटारसायकलचा आरसा थरथरला तर कोणाला त्यात नवल वाटणार? चष्मेवाला माझ्यात बघायचा, पिवळं दिसायचं, त्याचा जीव भांड्यात पडायचा. एकदा तर म्हणाला, "शाब्बास बारके, अंतर छान ठेवलंयस." त्या वेळी माझ्या काचेला तडा गेला असता तर बरं झालं असतं, असं मला खरंच वाटलं.

अशी सोळा वळणं गेली. प्रत्येक वळणाबरोबर आम्ही तिच्यापासून लांब जात होतो आणि हे जाणणारा मी एकटा होतो.

सतरावं वळण फार आखूड होतं. गाडी जवळजवळ आडवी करून चष्मेवाल्याने वर बघितलं ते थेट माझ्यात. मागचा दिवा ताठ उभा होता.

"ही कलत का नाहीये?" तो मोठ्याने म्हणाला. मग त्याचा आवाजच बदलला. "ही कलत का नाहीये!"

करकचून ब्रेक लागला. मागून भोंगा वाजला आणि कॅन खडखडवत दुधाची एक व्हॅन आमच्या बाजूने पुढे गेली. तिचा एक दिवा फुटलेला होता आणि दुसरा जुना होऊन पिवळा पडलेला होता. घाटातल्या एका आडरस्त्यावरून ती अचानक बाहेर आली होती आणि बारकी आणि आमच्यामध्ये शिरली होती.

चष्मेवाल्याने गाडी वळवली आणि उलट सुटला. पुढच्याला आमचा दिवा दिसेना, तो थांबला. त्याच्या पुढचा थांबला. सगळी रांग उभी राहिली आणि एकेक करून आमच्या मागे येऊ लागली. पण मी काय बघणार? आम्ही बारकीकडे चाललो होतो आणि माझं तोंड विरुद्ध दिशेला! माझ्यात फक्त मागून येणारे मित्रांचे दिवे होते. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसणारच नव्हतं.

गाडी थांबली. चष्मेवाला उडी मारून पळाला. मला फक्त ऐकू येत होतं. आधी त्याचे बूट. मग खडी सरकल्याचा आवाज. मग "बारके! ए बारके!" मग काहीच नाही. जवळच कुठेतरी थेंब थेंब काहीतरी गळत होतं. ते पेट्रोल होतं. काकांची गाडी येऊन उभी राहिली. सिस्टर उतरल्या, पेटी घेऊन धावल्या, माझ्यासमोर येताच त्यांनी पुढे बघितलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. एवढ्या वर्षांत सिस्टरना मी तोंडावर हात ठेवताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, गेली. आपली बारकी गेली.

मग एक बारीक आवाज आला. "दादा, आधी माझी गाडी बंद कर. पाय भाजतोय."

ती गाडीखाली अडकली होती. व्हॅन अंगावर येताना बघून तिने ब्रेक दाबला, खडीवर चाक सरकलं आणि ती पडली होती. घोट्याचं हाड मोडलं होतं आणि तापलेल्या सायलेन्सरने पिंढरी पोळली होती. सिस्टरनी पट्ट्या बांधल्या, काकांनी गाडी उचलली. चष्मेवाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आलो ना मी, आलो ना."

दवाखान्यात आईने विचारलं, "तुला कळलं कसं रे?"

"दिवा दिसेना झाला तसा लगेच वळलो," चष्मेवाला म्हणाला.

लगेच! मी ऐकलं ते पुढे दुकानात, कारण येईल त्याला तो तेच सांगायचा. आई शेजारपाजारच्यांना कौतुकाने सांगायची, "माझा लेक डोळ्यांत तेल घालून बघत असतो बहिणीकडे." पंपावरची मंडळीही पाठ थोपटायची. दर शाबासकीनंतर तो मागच्या खोलीत जाऊन काचा घासत बसायचा. गाडीवर त्याने आच्छादन टाकलं. मला काढून काउंटरवर एका लाकडी ठोकळ्यावर बसवलं, गिऱ्हाइकांना चष्म्याची फ्रेम लावून बघायला. स्वतः मात्र तो माझ्यात बघायचा नाही. दाढी करताना कापलं तरी बघायचा नाही. माझ्यावर बोटांचे ठसे साठत गेले. धूळ साठली. लोक नाक वर करून फ्रेम बघायचे आणि निघून जायचे. माझ्या डोळ्यांपुढून ती सोळा वळणं काही हलेनात.

पाच महिन्यांनी बारकी काठी टेकत दुकानात आली. औषधांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती, तिला चष्मा लागला होता. तिने एक फ्रेम लावली आणि माझ्यासमोर बसली. चष्मेवाला तिच्या मागे उभा राहिला.

"कशी दिसते रे?"

त्याला माझ्यात बघावंच लागलं. मग म्हणाला, "बारके, मी लगेच नाही वळलो."

तिने फ्रेम काढली.

"व्हॅनचा दिवा होता. मला वाटलं तूच आहेस. सोळा वळणं मी आरशात बघत होतो, आणि तू तिथे…" केवढा मोठा माणूस, पण काउंटर धरून रडायला लागला.

"माहीत आहे मला," बारकी म्हणाली.

"काय?"

"मी शुद्धीत होते, दादा. रस्त्यावर पडले होते आणि व्हॅनच्या कडेने तुझा मागचा दिवा दिसत होता. मी बघत होते, आता ब्रेकचा लाल उजेड पडेल, आता पडेल. नाही पडला. तू गेलास."

ती एवढीशी पोर हे पोटात घेऊन पाच महिने आईच्या तोंडून भावाचं कौतुक ऐकत होती!

"मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

तिने काठी बाजूला ठेवली आणि मागे हात करून त्याचं मनगट धरलं. तशी ती दोघं बराच वेळ माझ्यात बघत राहिली. गिऱ्हाईक दारात येऊन परत गेलं तरी त्यांना कळलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या आरशाला पुसत जा, त्याचा नट आवळत जा, एवढं तर तुम्ही कराल. पण मागून तुमचं कोणी येत असेल तर नुसता दिवा दिसला म्हणून खूश होऊ नका. दोन वळणं नीट बघा, तो तुमच्याच माणसासारखा कलतोय का. आणि कधी बघायचं चुकलं, कोणी मागे राहून गेलं, तर परत जा आणि चुकलं म्हणून सांगा. लगेच आलो असं सांगू नका. तुमच्या ब्रेकचा दिवा लागला की नाही, हे रस्त्यावर पडलेल्या माणसाने पाहिलेलं असतं.