बाहीचं माप

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्या थोरल्या दिरांसाठीच कुणीतरी म्हणून ठेवलंय. माझ्या नवऱ्याची जीभ मात्र वर्षभरात टाळ्याला पोचलेली नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्यात. हे शिंपी. आधी हातातली कात्री सुटली, मग बोलणं. आता समोर अक्षरांचा तक्ता धरायचा, मी बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की हे पापणी मिटतात.

तपासणीत ह्यांची साखर जास्त निघाली आणि भाऊजींना जन्माचं काम मिळालं. तीस वर्षं औषधांच्या दुकानात खोकी लावली, म्हणजे भाऊजी अर्धे डॉक्टर. "साखर बंद, साय बंद, लोणी बंद. स्वादुपिंडाला विश्रांती दे." दर रविवारी यायचे, स्वतः दोन चमचे साखरेचा चहा ढोसायचे आणि म्हणायचे, "बघ, कसा सडपातळ झालाय. गुण येतोय." मी मूर्ख, तीन आठवडे ऐकलं.

काल डॉक्टरीणबाईंनी ह्यांना खुर्चीसकट काट्यावर घेतलं. चार किलो गेले होते.

"स्वादुपिंड थकलंय, खरंय," त्या म्हणाल्या. "पण साखर वापरणारे स्नायूच झिजले, मग ती रक्तातच फिरणार. आणि यांचं शरीर नुसतं पडूनही जास्त जाळतं. साखरेचं मी औषधानं बघते. वजन असंच गेलं तर माणूस हातचा जाईल. खायला घाला."

आज भाऊजी आले, तसं सगळं सांगितलं.

"डॉक्टर काय, काहीही सांगतात."

ह्यांनी तक्त्याकडे नजर वळवली. मी बोट फिरवलं. मा. प. घे.

"शिंप्याची खोड काही जात नाही," भाऊजी हसले. मी मशीनच्या खणातली टेप त्यांच्या हातात दिली आणि ह्यांचा दंड उघडा केला.

त्यांनी टेप गुंडाळली. चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा गुंडाळली.

"सात."

सात इंचांचा दंड आमच्याकडे शाळेच्या गणवेशाला यायचा, तिसरीतल्या पोरांचा. भाऊजींना ते सांगावं लागलं नाही. डोळे भरले त्यांचे. मला दया आली नाही.

उठून ते स्वयंपाकघरातून सायीची वाटी घेऊन आले.

"किती चमचे देऊ?" त्यांनी मला विचारलं.

मी तक्ता त्यांच्या हातात दिला. "भावाला विचारा. तीन आठवड्यांत कुणी विचारलं नाही त्यांना. मीसुद्धा."