अस्वलिणीचे अश्रू

शनिवारी अकराच्या सुमारास वन्यप्राणी बचाव केंद्रातल्या अस्वलिणीच्या पिंजऱ्यापुढे मुंगीला शिरायला जागा नसे. पुढे बाबा डोळे मिटून उभे. मागे त्यांचा शिष्य, हातात लांब काडीला गुंडाळलेला कापूस आणि खांद्याला इवल्या बाटल्यांची पिशवी.

"ये, करुणामाते," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणत. "जगाचं दुःख बघ आणि एक थेंब ढाळ."

आणि अस्वलीण यायची. गजांलगतच्या पोकळ ओंडक्यात तोंड खुपसायची, मान वर करायची, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. गर्दीत हुंदके फुटत. शिष्य काडी आत घालून ते पाणी टिपे आणि बाटल्यांत पिळे. डोळ्यांच्या कुठल्याही दुखण्यावर दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ.

तिला सांभाळणारी ताई कोपऱ्यात दात-ओठ खात उभी असे. नऊ वर्षं तिने या जनावराची घाण काढली होती, जखमा धुतल्या होत्या. तिच्या लेखी ती करुणामाता वगैरे नव्हती. म्हातारी होती नुसती, अर्धे दात पडलेली, मधासाठी जीव टाकणारी. दोन महिन्यांपासून म्हातारीचे डोळे सुजत होते, कडांना पिवळा चिकटा धरत होता. केंद्राचे पशुवैद्य मलम देत, चार दिवस बरं वाटे, शनिवारी पुन्हा डोळे लालभडक. आणि तोच चिकटा लोक बाटलीतून घरी नेत होते.

व्यवस्थापकांकडे ती दोनदा जाऊन आली होती.

"अहो ताई, पूर्वी इथं कुत्रं फिरकत नव्हतं," ते म्हणाले. "आता जनावरालाही मान मिळतोय."

"तिला मान नकोय साहेब, आराम हवाय."

"बघू."

त्या शनिवारी गर्दीत ताईला तिची वहिनी दिसली. कडेवर सहा वर्षांची भाची, उजवी पापणी चिकटून बसलेली.

"आत्या, उजेड टोचतो," भाची म्हणाली.

"रागावू नका वन्सं," वहिनी घाईघाईने म्हणाली. "डोळे आले होते हिचे. तीन आठवडे हेच थेंब घालतेय."

"आणि डॉक्टरांचं औषध?"

"बाबा म्हणाले, दोन्ही एकत्र चालत नाही. श्रद्धेत भेसळ होते."

ताईने तिच्या हातातली बाटली काढून घेतली, भावाला फोन करून बोलावलं आणि तिघांना तडक डोळ्यांच्या दवाखान्यात धाडलं. दुपारी निरोप आला: बुबुळाला जखम झालीय, पू आहे, मुलीला दाखल करून घेतलंय.

ताई रागारागाने पिंजरा घासायला लागली. ओंडका पुसता पुसता तिने मनगटाने कपाळावरचा घाम टिपला आणि क्षणात तिचे डोळे झोंबून वाहायला लागले. तिने ओंडक्याची कड हुंगली. कंबरेला ती रोज चोळायची, तसल्या वेदनाशामक बामचा वास. आत तळाशी मध. मधाच्या ओढीने म्हातारी तोंड आत घालणार आणि कडेचा बाम तिच्या डोळ्यांभोवती माखणार. एवढीच काय ती करुणा.

तिने ते पशुवैद्यांना दाखवलं. हुंगून त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे खरवडून डबीत ठेवा," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी लोकांदेखतच उघडं पाडू."

पुढच्या शनिवारी साडेदहाला शिष्य काडीने ओंडक्याला बाम फासताना पशुवैद्यांनी झाडाआडून फोनवर टिपला. तो वळताच ताईने ओंडका साबणाच्या गरम पाण्याने धुतला आणि मध पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला.

अकराला बाबांनी साद घातली. करुणामातेने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि मध चाटत बसली.

"माता रुसली," बाबा म्हणाले. "कुणा पाप्याची नजर लागली."

"नजर नाही, साबण लागला," ताई पुढे येत म्हणाली. तिने डबीतला बाम बोटावर घेतला आणि स्वतःच्या डोळ्याखाली चोळला. पाणी गालावरून ओघळलं. "बघा, मीही करुणामाता झाले. हा बाम आहे. तुमच्या घरातही असेल."

पशुवैद्यांनी फोनवरचं चित्रण जवळच्या माणसांना दाखवलं. कुजबुज वाढली तशी शिष्याने पिशवी टाकून धूम ठोकली. बाबा त्याच्या मागोमाग. गर्दी मात्र हलेना. एक गृहस्थ हळूच पुढे आले आणि त्यांनी रिकामी बाटली ताईच्या गालाखाली धरली.

"दोन थेंब द्या की. असतील तर असतील यातही गुण."

ताईला शिसारी आली. तिने नळावर जाऊन खसाखसा तोंड धुतलं.

पंधरवड्यात म्हातारीचे डोळे निवळले. भाचीचा डोळाही वाचला, पण बुबुळावर तांदळाएवढा पांढरा डाग राहिला. तो आता जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"पण वन्सं," दवाखान्यातून निघताना वहिनी म्हणाली, "अश्रू तर खरे होते ना?"

"खरेच होते. मुकं जनावर आग होते म्हणून रडत होतं, आणि आपण हात जोडून उभे होतो."

वाचणाऱ्यांनो, हात जोडण्याआधी दोन पावलं जवळ जा. नीट बघा, हुंगा, चार प्रश्न विचारा. विचारलं म्हणून देव कोपत नाही, कोपतो तो ज्याचं बिंग फुटतं तो. आणि लेकराच्या डोळ्यात थेंब घालायचेच असतील, तर ते डॉक्टरांनी दिलेले घाला. एवढं शहाणपण यायला कुणाच्या मुलीच्या डोळ्यात डाग पडायला नको.