क्लीन वॉटर टँक

बिस्किटांच्या कारखान्यात सगळे त्यांना व्याकरणबाई म्हणत. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्या इथल्या पाट्या आणि वेष्टनांवरचा मजकूर मराठीत करून देत.

एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी आरोग्य तपासनिसाच्या शेऱ्यांचा कागद त्यांच्यापुढे टाकला. "तासाभरात याच्या मराठी पाट्या हव्यात."

तिसऱ्या ओळीवर बाई अडल्या. तिथं फक्त 'क्लीन वॉटर टँक' एवढंच होतं.

"साहेब, हे क्लीन विशेषण आहे की क्रियापद? स्वच्छ पाण्याची टाकी, की पाण्याची टाकी स्वच्छ करा? तपासनिसांना विचारून घेऊ या."

"बाई, ही शाळा नाही. शब्दाला शब्द ठेवा आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी मान खाली घातली आणि लिहून दिलं. दुपारपर्यंत गच्चीवरच्या टाकीला 'स्वच्छ पाण्याची टाकी' अशी निळी पाटी लागलीसुद्धा.

तीन आठवड्यांनी नळाच्या पाण्याला वास यायला लागला. प्लंबर वर चढला, पाठोपाठ बाईही गेल्या. त्यानं झाकण उचललं आणि तोंड दाबून मागे सरला. आत दोन कबुतरं फुगून तरंगत होती. पिसं गळून कातडी सुटली होती, कडेनं बोटभर हिरवा बुळबुळीत थर साचला होता. बाई सकाळीच त्या पाण्याचे दोन पेले प्यायल्या होत्या. त्या कठड्याला धरून ओकल्या. आणि याच पाण्यात रोज पीठ मळलं जात होतं!

साहेब नाकाला अत्तराचा रुमाल लावून आले. "भट्टीत सगळं जळतं. माल थांबणार नाही. आणि बाई, भाषांतर चुकलं, असं तेवढं लिहून द्या."

त्यांच्या दुसऱ्या हातात सीलबंद पाण्याची बाटली होती.

"तुम्ही इथलं पाणी पीत नाही?"

"माझं पोट जरा नाजूक आहे. तपासनीस तेव्हाच तोंडी बोलला होता काहीतरी टाकीबद्दल."

बाईंना कबुतरांपेक्षा त्या अत्तराची जास्त किळस आली. मेलेल्या पाखरांना निदान लाज सोडावी लागली नव्हती.

त्यांनी लिहून दिलं, पण खरं काय घडलं ते. मग स्वतःच तपासनिसाला फोन लावला. संध्याकाळच्या आत गोदामाला सील लागलं. सगळा माल खड्ड्यात पुरला गेला. साहेबांची बदली दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात झाली. बाईंना मात्र उद्यापासून येऊ नका असा निरोप आला.

आठवड्यानं कारखान्यातले भट्टीवाले काका बाईंच्या घरी आले. ते फुटकी बिस्किटं रोज नातीसाठी घरी न्यायचे. पोर दहा दिवस जुलाबानं अंथरुणाला खिळली होती.

"आता बरी आहे," काका म्हणाले. "पण मीच भरवलं हो तिला, माझ्या हातानं."

बाईंनी चहा पुढे केला. काकांनी कपात बराच वेळ पाहिलं.

"पाणी उकळलेलं आहे," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे," म्हणत त्यांनी कप तसाच खाली ठेवला.