काचेतल्या घंटीची हाक

मी एक जुनी विजेची घंटी आहे. इजिप्तमधल्या दमनहूर गावी, मुलींच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, काचेच्या उपड्या हंडीत टांगलेली. मित्रांनो, माझं काम मोठं विचित्र: वाजता वाजता गप्प होऊन दाखवायचं.

विज्ञान शिकवणाऱ्या वफियाबाई मला बॅटरी जोडत. माझा ठणठणाट सुरू झाला, की हातपंपाने हंडीतली हवा काढू लागत. आवाज बारीक बारीक होत नाहीसा होई. हातोडी मात्र वाटीवर आपटतच असे.

“बाई, मेली ती!” मुली ओरडत.

“मेली कुठली! हवाच नाही, तर तिची हाक तुमच्यापर्यंत आणणार कोण?”

“मग आमच्या आजीला बसवा ना त्यात,” इन्शिराह एकदा म्हणाली, “सकाळपासून तोंड बंद नाही तिचं.”

वर्ग हसून हसून लोळला. मग बाईंनी हवा आत सोडली, मी पुन्हा खणखणले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं सांगू? त्या टाळ्यांसाठीच मी जगत होते.

बाई बदलून गेल्या. उरले प्रयोगशाळा सांभाळणारे बयूमीकाका. आमच्याकडे रीतच अशी, की शाळेची वस्तू ज्याच्या सहीने ताब्यात, तिला तडा गेला तर तोच गुन्हेगार. नोंदवहीत माझ्या नावापुढे काकांची सही होती. नवे शिक्षक मला मागायला आले, की काका छातीवर हात ठेवत. “माझ्या डोक्यावर बसा, साहेब, पण काचेला हात नको. फळ्यावर चित्र काढा की!”

शिक्षक चित्र काढत. पुढे काकांचे कान गेले, मागणाऱ्याला ओरडून मागावं लागे, मग कोणी मागेनासंच झालं. काका मला दर गुरुवारी मायेने पुसत आणि कुलूप लावत. एकोणीस वर्षं! राग यायचा हो, पण त्या हातांवर तो टिकत नसे. मला फक्त एकदा मुलींसमोर वाजायचं होतं.

काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. उन्हाळ्याची सुट्टी, शाळा ओस. दुसऱ्याच्या ताब्यात देण्याआधी मी चालते का, हे त्यांना पाहायचं होतं. प्रयोग त्यांनी स्वतः कधी केला नव्हता. त्यांनी आधी पंप मारला, मग बॅटरी जोडली.

पंपातलं चामडं केव्हाच वाळून तडकलं होतं. हवा जागची हलली नव्हती. मी वाजले! अशी वाजले, की कपाटाची दारं थरथरली.

काका काचेला नाक लावून हातोडी बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

“वा गं पोरी! एवढासुद्धा आवाज बाहेर नाही. जपलं त्याचं चीज झालं.”

काका, अहो, मी वाजतेय, ऐका ना! पण त्यांनी बॅटरी काढली, मला पुसलं आणि कपाटावर चिठ्ठी डकवली: ‘उत्तम स्थितीत. हात लावू नये.’

मित्रांनो, तुमच्या शाळेतही असं एखादं कपाट असेल. आजच बाईंच्या मागे लागा आणि उघडायला लावा. फुटलं काही तर फुटू दे. माझ्या हंडीत हवा भरपूर आहे, ऐकायला तेवढं कोणी नाही.